अंधार वजा उजेड

आल्टोना, हॅम्बुर्ग
३ ऑक्टोबर २०१८

श्रीयुत प्राध्यापक झेबोडे यांस,

आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीचा, फ्राउके टीडेमान हिचा, प्रबंध वाचून संपवला. दुसरा परीक्षक म्हणून माझा अभिप्राय आजच विद्यापीठाला धाडला आहे. प्रत सोबत आहे. पाकीट फोडायचे कष्ट नकोत म्हणून सार इथेच सांगतो: नामंजूर.

हे मेलवर कळवता आलं असतं. पण शाई नसलेलं भांडण मला भांडण वाटत नाही.

रेणू तोच, जुना, पिवळा, दोन प्लॅटिनमवाला. ज्याच्यावर आपण तारुण्य जाळलं. (इथला 'आपण' म्हणजे 'आपण दोघं'. बाकी पत्रातला आदरार्थी समजावा.) प्रयोगही तोच: आधी लेझरच्या उजेडाचा एक फटका, म्हणजे रेणू दचकून जागा होतो, मग त्याच्या पाठोपाठ, पापणीच्या लवण्यालाही युग म्हणावं इतक्या थोड्या अवधीने, क्ष-किरणांचा दुसरा फटका, म्हणजे त्या दचकण्याचं चित्र मिळतं. अंधारातलं एक चित्र, उजेडातलं एक, आणि दोघांची वजाबाकी. आपल्याकडे तेव्हा क्ष-किरण काढणारं जुनं वर्तुळाकार यंत्र, ते 'वर्तुळ', होतं, ह्या मुलीकडे जमिनीखालची मैलभर लांब नळी आहे. तिची चित्रं देखणी आहेत, हे मान्य करतो.

पण मजकूर? ती लिहिते, उजेड पडताच दोन्ही प्लॅटिनम अणू एकमेकांच्या जवळ येतात. तिचा स्वतःचा आलेख मात्र ओरडून सांगतोय की ते लांब जातात! आणि त्याच आलेखात भोवतालचं पाणी लेझरने थंड होताना दिसतं. मेव्हणेबुवा, उन्हात ठेवलेलं पाणी गार होतं असं ग्योटिंगेनमध्ये हल्ली आढळतं काय? तसं असेल तर उन्हाळ्यात येऊन राहीन म्हणतो.

मला ह्याचा एकच अर्थ लागतो. पोरीने मोजलं ते खरं मोजलं आणि लिहिलं ते गुरूला आवडेल असं लिहिलं. तीस वर्षांपूर्वी आपण 'जवळ येतात' असं छापलंत, ते खोटं पडू नये म्हणून.

लुंड विद्यापीठातली नोकरी तिला जानेवारीत पदवी दाखवूनच मिळणार आहे, हे मला ठाऊक आहे. वाईट वाटतं. पण वाईट वाटण्याचे गुण देता येत नाहीत.

हि. ल्यूर्स


ग्योटिंगेन
९ ऑक्टोबर

हिनर्क,

तू मला 'आपण' म्हण नाहीतर 'महाराज' म्हण, मी तुला 'तू'च म्हणणार. दंडात दंड अडकवून, एकाच घोटात ती पांढरी जाळ दारू पिऊन आपण 'तू'वर आलो होतो. आमच्या भागात असा 'तू' मेल्यावरही परत घेत नाहीत. तुमच्या हॅम्बुर्गात घेत असतील; बंदरावर सगळंच परत करता येतं म्हणे.

तुझा अभिप्राय वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं कुणीतरी तुझ्या नावाने थट्टा केली. शालकमहाशय, चष्मा उलटा लावला होतात की कागद उलटा धरला होतात? पाणी थंड होतं! अरे, आलेखात पाणी ढळढळीत तापतंय. पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. अणू जवळ येतायत, आंधळ्याला दिसेल.

काय झालंय ते मला कळतं. तुला त्या मुलीत मी दिसतो. मला नापास करायची संधी कुणी तुला दिली नाही, म्हणून तिला केलंस. आणि गंमत बघ, परीक्षक म्हणून तुझं नाव मीच सुचवलं. विभागातले सगळे म्हणाले, "नको, तो म्हातारा खवीस तुमच्यावर जळतो." मी म्हटलं, "जळतो, पण मोजताना जळत नाही."

चुकलो.

फ्राउके चार दिवस प्रयोगशाळेत आलेली नाही. तिचे वडील मच्छीमार, एम्डेनजवळ कुठेसे. त्यांचा मला फोन आला होता. विचारत होते, "साहेब, पोरीने काही चोरलं काय?" काय सांगू मी त्यांना? तू सांगतोस? नंबर देतो.

फोल्कमार


आल्टोना
१५ ऑक्टोबर

श्रीयुत झेबोडे,

चष्मा नवा आहे. कागद सुलटा होता. आपला आलेख मी पुन्हा पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. पाणी अजून थंडच आहे. आपल्या-माझ्या संबंधांसारखं.

'तू' परत का घेतला, ते आपण विसरला असाल तर आठवण देतो. एल्बे नदीवर धुकं होतं. चर्चमागच्या खोलीत कॉफी आणि साखर पेरलेला केक मांडला होता, आमच्याकडे मयताला आणि लग्नाला तोच असतो. माझी बहीण वीबके, आपली पत्नी, सकाळी मातीत गेली होती. त्याआधी तीन दिवस ती दवाखान्यात मरत होती आणि आपण वर्तुळावर मोजत होतात! उजेडाचा फटका, किरणांचा फटका. तिचा हात माझ्या हातात होता, आपला हात यंत्राच्या खटक्यावर. दारात ओला कोट घालून उभे राहिलात तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "श्रीयुत झेबोडे, आपण उशिरा आलात." ते वाक्य मी आजही मागे घेत नाही.

ती आपली थट्टा करायची, आठवतं? जेवणाच्या टेबलावर आपण तिला दोन बटाट्याचे गोळे मांडून प्रयोग समजावला होता. अंधारात हे असे लांब. उजेड पडला की असे जवळ. ती म्हणाली, "आणि उजेड गेला की?" आपण म्हणालात, "परत लांब." ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे तू आणि हिनर्क!" आणि दोन्ही गोळे तिने एका चमच्यात उचलून खाल्ले.

ते हसू मला अजून ऐकू येतं. म्हणूनच आपल्याला क्षमा नाही.

मुलीच्या वडिलांना सांगा की पोरीने चोरलं नाही. तिच्याकडून चोरून घेतलं गेलं.

हि. ल्यूर्स


ग्योटिंगेन
२२ ऑक्टोबर

हिनर्क,

तिसरा परीक्षक नेमला जाईल. त्याला चार महिने लागतील. लुंड चार महिने थांबणार नाही. त्यांनी तसं कळवलं.

म्हणजे तुझं झालं मनासारखं. वीबकेचं नाव तू मध्ये आणलंस ते बरं केलंस. निदान आता कळलं की तू प्रबंध वाचलाच नाहीस, तू मला वाचलंस, आणि तेही सात वर्षांपूर्वीच्या पानावर.

तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. वाटू दे.

फो.


ग्योटिंगेन
२ नोव्हेंबर

माननीय प्राध्यापक ल्यूर्स यांना,

सर, मी फ्राउके टीडेमान. नियमाप्रमाणे मी परीक्षकाला लिहू नये. पण नोकरी गेल्यातच जमा आहे, तेव्हा नियम मोडायला आता काही अडत नाही.

तुमचा अभिप्राय मी आधी रडत वाचला, मग चिडून वाचला, आणि शेवटी, माझे बाबा जाळ्यातलं भोक शोधतात तसा, बोटाने चाचपत वाचला. तुम्ही लबाड म्हणालात ते लागलं. तुम्ही मूर्ख म्हणाला असतात तर समजून घेतलं असतं. पण मग माझ्या मनात आलं, एवढा मोठा माणूस 'पाणी थंड होतं' असं लिहितो, तर त्याला ते खरंच दिसलं असणार. कसं दिसलं असेल?

मी माझा आलेख उलटा केला. वरचं खाली, खालचं वर. सर, पाणी थंड झालं. अणू लांब गेले. तुमच्या अभिप्रायातली ओळ न् ओळ खरी ठरली.

तुम्ही 'उजेड वजा अंधार' असं समजून वाचलंत. साऱ्या जगात तसंच करतात, मला माहीत आहे. पण आमच्याकडे 'अंधार वजा उजेड' करतात. प्रबंधात मी फक्त एवढंच लिहिलंय: 'वजाबाकी नेहमीच्या पद्धतीने केली.' ती माझी चूक. नेहमीची कुणाची, हे लिहायला हवं होतं. पण सर, मला वाटलं तुम्हाला तर सांगायलाच नको! झेबोडे सर म्हणतात की ही पद्धत तुमचीच.

मी प्रयोगशाळेत आले त्या पहिल्या दिवशी, किल्ली हातात देण्याआधी, त्यांनी मला दोन ओळी पाठ करायला लावल्या. प्रत्येक नव्या मुलाला लावतात. एक चिनी मुलगा आहे, त्याला आमची भाषा धड येत नाही, पण ह्या ओळी झोपेत म्हणतो:

आधी अंधार मोजून घे, मग वात पेटव बाबा;
न मोजलेल्या रात्रीवर उजेडाचा कसला ताबा?

मी विचारलं, "सर, हे कुणाचं?" तर म्हणाले, "फिंकेनवेर्डरच्या शाळेत एका मुलाने छड्या खाऊन पाठ केलेलं. तो मुलगा आमच्या क्षेत्रातला सगळ्यात हट्टी माणूस झाला. जग उजेडापासून सुरू करतं. तो म्हणायचा, अंधार आधी होता, त्याचा मान आधी. ह्या घरात त्याचीच वजाबाकी चालेल."

तुम्ही स्वतः ती कधी सोडलीत, सर?

आणि सोडलीत तर निदान एक पोस्टकार्ड टाकायचं. माझी पाच वर्षं त्यावर उभी होती.

फ्राउके टीडेमान


आल्टोना
८ नोव्हेंबर

चिरंजीव फ्राउके हिला,

अभिप्राय मागे घेतला. नवा आज रजिस्टर पोस्टाने विद्यापीठाला गेला, आणि लुंडला मी स्वतः फोन केला. तिथल्या बाईंना माझा आवाज चढलेला आवडला नसावा, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या थांबतायत.

तुला लबाड म्हटलं ते ह्या हाताने लिहिलं, म्हणून ह्याच हाताने लिहितो: ते खोटं होतं. काम उत्तम आहे. पण 'नेहमीच्या पद्धतीने' हे शब्द आयुष्यात पुन्हा लिहू नकोस. त्या दोन शब्दांत माणसं बुडतात.

तुझ्या बाबांचा नंबर पाठव. त्यांना मीच सांगतो.

हिनर्क ल्यूर्स


आल्टोना
१२ नोव्हेंबर

फोल्कमार,

पोरीने सांगितलं असेलच. अभिप्राय मागे घेतला. तू चांगला माणूस आहेस असं त्यातून सिद्ध होत नाही. फक्त पाणी तापतं एवढंच होतं.

वजाबाकी मी कधी सोडली विचारतेय. मयताच्या दुसऱ्याच आठवड्यात. कागदावर 'अंधार वजा' लिहायला गेलो की तुझं स्वयंपाकघर दिसायचं, ती पांढरी दारू, अडकवलेले दंड, आणि तू म्हणत होतास, "बरं बाबा, तुझा अंधार आधी, पण आता 'तू' म्हण." मला ते स्वयंपाकघर नको होतं. म्हणून मी जगासारखा झालो. तूही झाला असशील असं धरून चाललो. माझ्या कविता तू माझ्यामागे पोराबाळांना शिकवत बसशील, हे डोक्यात कसं यावं? आमच्या मास्तरांची छडी गेली, शाळा गेली, शाळेमागची सफरचंदाची झाडं गेली, आणि त्या दोन ओळी एका चिनी पोराच्या झोपेत शिल्लक आहेत. हे असं करणाऱ्याशी वैर तरी नीट कसं करायचं? हे तू मुद्दाम केलंस. मला माहीत आहे.

'तू' लिहिलंय. शाई वाळली आहे, आता खोडत नाही. माफी वगैरे समजू नकोस.

हिनर्क


ग्योटिंगेन
१२ नोव्हेंबर

माननीय श्रीयुत ल्यूर्स,

फ्राउकेची परीक्षा ६ डिसेंबरला ठरली. आपण परीक्षक आहात, यावं लागेल.

सात वर्षं आपण मागत होतात ते आज देतो. 'आपण'. मी इतकी वर्षं 'तू' धरून बसलो तो आपल्या मर्जीविरुद्ध, हे आता ह्या वयात कळलं. माझा समज होता की एकाने दोरी धरून ठेवली तर दुसऱ्याला परत येता येतं. आपण तर, फ्राउके सांगते, दोरी दिसू नये म्हणून वजाबाकीच बदलून टाकलीत.

जाता जाता एक. वीबकेने मला पाठवलं होतं. दवाखान्यातून, हाताने ढकलून. "जा, यंत्रावरची तुझी पाळी पुन्हा सहा महिन्यांनीच येईल. मी काय आजच जातेय होय? आणि हिनर्क आहे ना, त्याला माझ्याशी एकट्याने बसू दे, तू असलास की तो कविता म्हणत नाही." तिला वाटलं वेळ आहे. मलाही वाटलं. हे मी आपल्याला सांगितलं नाही, कारण मग आपण माझ्याऐवजी तिच्यावर रागावला असतात.

आता कुणावरही रागवा.

प्रा. फो. झेबोडे


आल्टोना
१६ नोव्हेंबर

पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझा 'तू' तुमच्याकडे पोचला, तुमचा 'आपण' माझ्याकडे. पुन्हा चिन्हं उलटी! आपल्या दोघांना एकाच बाजूने वजा करणं जन्मात जमलं नाही.

वीबकेचं वाचलं. तिला मी तीन दिवस कविता म्हणून दाखवल्या, शाळेतल्या सगळ्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता पुरे." मला वाटलं होतं ती तुमची वाट बघून कंटाळली. आता वाटतं, माझ्या कवितांना कंटाळली असेल.

सात वर्षं हे पोटात ठेवून मला खवीस होऊ दिलंत. हा चांगुलपणा नव्हे, हा माज आहे! मला नाही आवडला.

परीक्षेला येतो. तुमच्यासाठी नाही.

हि.


ग्योटिंगेन
१० डिसेंबर

हिनर्क,

त्या दिवशी तू गाडी गाठायला पळालास, म्हणून लिहावं लागतंय.

तू पोरीला एकच प्रश्न विचारलास: "पाणी तापतं की थंड होतं?" आणि ती म्हणाली, "बघणारा कोण आहे त्यावर आहे, सर." सगळे हसले. तू हसला नाहीस, पण तुझे कान हलले. चाळीस वर्षांपूर्वी हलायचे तसेच.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे तिला फुलं लावलेल्या हातगाडीत बसवून बाजारात नेलं. तिने कारंज्यावर चढून बदकवाल्या पोरीच्या पुतळ्याचा मुका घेतला, आणि डॉक्टर झाली. तिचे बाबा खाली उभे होते, थंडीने कुडकुडत, आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "तो फोनवर माझी माफी मागणारा म्हातारा कुठला?" मी म्हटलं, "तो तिकडे, औषधाच्या दुकानाआड लपलाय." हातगाडी चढावर अडकली तेव्हा मागून कुणीतरी धक्का दिला. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. गाडीत मात्र आंबट सफरचंदांची पिशवी होती, तुमच्या नदीपलीकडची. विसरलास की ठेवलीस, हे विचारत नाही. चार खाल्ली. दात गेले.

माफी मी मागत नाही आणि तूही मागू नकोस, आपल्याला ते शोभणार नाही. तू अजून खवीस आहेस आणि मी अजून माजोरडा.

पण एक काम राहिलंय. वीबके गेली त्या पाळीत मी मोजलं होतं, ते मी कधी छापलं नाही. अंधाराची चित्रं आहेत, उजेडाची आहेत. वजाबाकी केलेली नाही. ना इकडून, ना तिकडून. सात वर्षं पेटी उघडून बसतो आणि मिटतो. एकट्याने होत नाही.

वसंतात, झाडांना पालवी आली की, आपण ते एकदा बसून पाहावं.

हा 'आपण' कोणता, ते तू ठरव.

नेहमीप्रमाणे,
फोल्कमार